शेऱ्याचा रकाना

अण्णांच्या पावसाच्या वहीत चार रकाने आहेत : तारीख, वेळ, मिलिमीटर आणि शेरा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर, म्हणजे २००० साली, त्यांनी कऱ्हाडच्या घरामागच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि तेव्हापासून अठरा पावसाळे पूर्ण आणि एकोणिसावा अर्धा, सकाळी आठच्या ठोक्याला तिथे जाऊन ते बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतत राहिले. वहीतले पहिले तीन रकाने जसे कोणत्याही पाटबंधारे कार्यालयात भरले जातात तसेच भरलेले आहेत. शेऱ्याचा रकाना बहुतेक पानांवर कोरा आहे. परंतु माझ्या वडिलांनी हयातभरात मनातले म्हणून जे काही थोडेफार बाहेर काढले, ते तोंडाने फारच कमी आणि अशा शेऱ्याच्या रकान्यांतून थोडे अधिक, असे आता ती वही पुन्हा पुन्हा चाळताना मला वाटते.

पहिल्याच पानावरचा शेरा असा आहे : ‘पूर्वेस प्राजक्त. नोंद थोडी कमी येण्याचा संभव.’

यामागे दोन दिवसांचा अबोला आहे. सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणजे तसे साधेच उपकरण. १२७ मिलिमीटर व्यासाचे नरसाळे, त्याखाली बाटली आणि दोहोंना पोटात घेणारे पत्र्याचे नळकांडे. पण ते बसवण्याचे नियम कडक असतात. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच हवी, ती तसूभरही कललेली नको, आणि जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर मध्ये मोकळे हवे, नाहीतर वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस अडतो आणि आकडा खोटा पडतो. आमच्या अंगणात हा नियम पाळायचा तर आईने लावलेला प्राजक्त काढावा लागणार होता. अण्णांनी ते फूटपट्टी ठेवल्यासारखे सरळ सांगितले. आई म्हणाली, “जन्मभर धरणापायी गावं उठवलीत, आता माझं झाडही उठवा.” त्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्राजक्ताच्या पश्चिमेला, नियमाला न बसणाऱ्या अंतरावर, पर्जन्यमापक बसवला आणि वहीत तो शेरा लिहिला. पुढे श्रावण-भाद्रपदात झाड बहरले की नरसाळ्यात फुले पडत. मोजणी करण्यापूर्वी ती एकेक उचलून, पाणी झटकून, अण्णा आईच्या पूजेच्या तबकात नेऊन ठेवत. ते देव मानत असत असे मला कधी आढळले नाही, पण फुले नालीत टाकणे त्यांना शक्य नव्हते.

अण्णांचा जन्म १९४२चा, दुष्काळी माण तालुक्यातला. माणदेशातला माणूस पावसाबद्दल ज्या स्वरात बोलतो तो स्वर त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. पडणाऱ्या पावसाकडे ते एखाद्या बड्या असामीकडे पाहावे तसे पाहत, आदराने आणि थोड्या संशयाने. कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन १९६३ साली ते कोयनेवर रुजू झाले तेव्हा धरणाचे मुख्य काम संपत आले होते आणि त्याचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला होता. कोयनानगरला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कऱ्हाडात सातशेच्या आसपास, आणि त्यांच्या गावी त्याहूनही कमी. सायमन्सच्या बाटलीत साधारण १०० मिलिमीटर पाऊस मावतो, त्यामुळे जुलैमध्ये कोयनेवर ती दिवसातून तीन-चारदा रिकामी करावी लागते, हे त्यांनी पहिल्या सुट्टीत गावी सांगितले तेव्हा माझ्या आजोबांनी म्हणे विचारले होते, “मग त्यातलं थोडं इकडं धाडता येत नाही व्हय?” हा प्रश्न अण्णा विनोद म्हणून सांगत, पण सांगून झाल्यावर हसत नसत. कोयना मुळात पूर्वेला वाहणारी नदी. वीजनिर्मितीसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन पोफळीला खाली सोडले जाते आणि ते वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, पाणी असे पश्चिमेला वळवता येते. या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने उभे राहिले, हे अण्णांना पटलेले होते आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. तरीही माणच्या चारा छावण्यांमधल्या जनावरांची छायाचित्रे वर्तमानपत्रात आली की ते पान उलटून पुढे जात नसत, बराच वेळ तिथेच थांबत.

मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांची दुसऱ्यांदा कोयनेवर बदली झाली, या वेळी देखभालीच्या कामावर. एकदा, रीतसर परवानगी काढून, त्यांनी मला धरणाच्या आतल्या गॅलरीत नेले. धरणाच्या पोटात माणूस चालू शकतो हे मला तोवर माहीत नव्हते. आत मे महिन्यातही अंगावर काटा येईल अशी थंडी होती, भिंतींवरून चुन्याचे पांढरे ओघळ उतरलेले होते आणि पायाजवळच्या नालीतून पाणी खळखळत होते. “धरण गळतंय!” मी घाबरून म्हणाले. अण्णा म्हणाले, “गळायलाच हवं. नाहीतर खालून पाण्याचा दाब धरणाला उचलायला बघतो. किती गळतं, ते मात्र आपल्याला ठाऊक हवं.” मग नालीत आडव्या बसवलेल्या पत्र्यापाशी वाकून त्यांनी मला ती इंग्रजी व्हीसारखी खाच दाखवली. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची आणि तिच्यावरून गळती काढायची. उंची दुप्पट झाली तर गळती दुप्पट होते का, असे त्यांनी मला विचारले. मी हो म्हणाले. “साडेपाच पटीहून जास्त होते,” ते म्हणाले, “म्हणून पट्टीवरचा एक मिलिमीटरसुद्धा बारीक समजायचा नाही.” त्या दिवशी पट्टीवर किती वाचन होते ते आता आठवत नाही. त्यांनी ते मला वाचायला लावले, स्वतः पुन्हा वाचले आणि दोन्ही सारखे निघाल्यावर माझे नाव न लिहिता, पण माझ्याच देखत, वहीत उतरवले. लहानपणी मिळालेल्या कोणत्याही बक्षिसापेक्षा मला त्या नोंदीचे अप्रूप अधिक आहे.

ती पट्टी वाचण्याची असोशी कुठून आली हे पुढे कळले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला तेव्हा अण्णा पंचवीस वर्षांचे होते आणि दोन सहकाऱ्यांबरोबर वसाहतीत एका खोलीत राहत होते. साडेसहाच्या आसपास तीव्रतेचा तो धक्का पावणेदोनशेच्या वर माणसे घेऊन गेला. कोयनानगरची बरीचशी घरे जमीनदोस्त झाली. अण्णा त्याविषयी क्वचितच आणि तुटक बोलत, त्यामुळे माझ्याजवळ ती पहाट सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी आहे. ते एका पायात चप्पल घालून बाहेर पडले होते. अंधारात डोंगरावरून दगड गडगडत येत होते. आणि वसाहतीतली कळत्या वयाची सगळी माणसे, ओरडायचे थांबून, एकच आवाज ऐकू येतो का म्हणून कान लावून उभी होती : पाण्याचा. तो आला नाही. धरण उभे राहिले होते. बांधताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्श्याइतका गृहीत धरलेला होता, आणि धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे नोंदवलेला जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही अधिक भरला. जिथे धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीला पुढून-मागून आडव्या भेगा गेल्या. नंतर त्या इपॉक्सीने भरल्या गेल्या, वरून खाली पोलादी दोर ताणून धरण आवळले गेले आणि पुढल्या वर्षांत मागून टेकू देणारे भक्कम आधार बांधले गेले. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाचा अभ्यास करणारा जगातला कोणताही माणूस आजही कोयनेपासून सुरुवात करतो.

मी एकदा त्यांना विचारले होते की, त्या दिवशी तुम्ही काय केलेत. लोकांना ढिगाऱ्यातून काढलेत का, रडलात का, घरी तार कशी केलीत, असे काहीतरी माझ्या मनात होते. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “त्या दिवशी वाचन चुकलं नाही.”

तेव्हा मला हे उत्तर कोरडे वाटले होते आणि त्याचा रागही आला होता. ढिगाऱ्यातून काढलेल्यांमध्ये त्यांच्या खोलीतला एक सहकारी होता आणि तो वाचला नव्हता, हे मला आईकडून फार नंतर समजले.

त्यांच्या हाताखालच्या लोकांना हे सारे जाचक वाटत असणार. एका पावसाळ्यात पर्जन्यमापकाकडे पाहणाऱ्या माणसाने तीन दिवस दांडी मारली आणि नंतर वहीत ३४, ३४, ३४ असे आकडे भरले. अण्णांनी त्याला बोलावून शांतपणे सांगितले की, कोयनेचा पाऊस इतका शिस्तीचा असता तर आपल्या दोघांना सरकारने पगार कशाला दिला असता. पण मग त्यांनी त्याला जे समजावले ते मी पडद्याआडून ऐकलेले आहे. एखाद्या दिवसाचे मोजायचे राहिले तर तो आकडा अंदाजाने भरायचा नसतो. दुसऱ्या दिवशी बाटलीत जे साचले असेल ते एकत्र मोजायचे, आणि हे दोन दिवसांचे आहे असे लिहायचे. राहिले हेही एक मोजमापच आहे, ते लपवायचे नाही.

खात्यात मोजमाप-पुस्तिकेला, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात तिला, पोथीइतका मान असतो. पानांना आधीच क्रमांक पडलेले असतात, पान फाडता येत नाही, नोंद शाईत करायची, खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर त्याच्यावरून एकच रेघ अशी मारायची की जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची. अण्णांच्या हातून अशी एक रेघ राहून गेली. पुढच्या एका धरणावर बुडीत जाणाऱ्या घरांची मोजणी त्यांच्याकडे होती : भिंतींची लांबी-रुंदी, जोत्याची उंची, दारे-खिडक्या, परड्यातली झाडे. एका म्हाताऱ्या बाईच्या घराची नोंद करताना मागचा गोठा लिहायचा राहिला. ती बाई मोजणीच्या वेळी चहा ठेवायला आत गेली होती, म्हणून तीही काही बोलली नाही. ही चूक अण्णांच्या ध्यानात आली तेव्हा मोबदल्याचे कागद पुढे गेलेले होते. त्यांनी जाऊन गोठा मोजला, स्वतःची चूक कबूल करणारे टिपण वरिष्ठांना दिले, बोलणी खाल्ली, पाठपुरावा केला आणि त्यातच त्यांची बदली झाली. त्या बाईला गोठ्याचे पैसे मिळाले की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. आईच्या तोंडून प्राजक्ताच्या वेळी ‘गावं उठवलीत’ हे शब्द निघाले तेव्हा अण्णा गप्प का झाले, याचे कारण तिला नक्कीच ठाऊक होते. नवरा-बायकोच्या भांडणात असेच नेमके ठाऊक असलेले बाहेर पडते.

आता आईविषयी. ती शिक्षिका होती. १९६६ साली तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटण तालुक्यात नोकरी लागली, १९६८ साली लग्न झाले आणि १९७४ साली अण्णांच्या बदलीबरोबर तिने राजीनामा दिला. त्या काळात हे इतके साहजिक होते की त्याची गोष्टसुद्धा होत नसे. पुढे आमच्या आठ-नऊ बिऱ्हाडांमध्ये ती शेजारच्या मुलांना फुकट शिकवत राहिली आणि मला व भावाला शुद्धलेखनाच्या चुकांवरून छळत राहिली. तिच्या नोकरीचा विषय घरात निघत नसे. निघालाच तर तीच दुसरा काढत असे.

२००९च्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. फराळ झाल्यावर अण्णांनी आईसमोर चार पाने ठेवली. आखलेली, टाचलेली, त्यांच्या त्या नकाशावर लिहावे तशा सरळ अक्षरातली. १९७४ पासून पुढे दर वर्षी तिला किती पगार मिळाला असता, महागाई भत्ता किती, वेतन आयोगांचा फरक किती, २००४ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी ती निवृत्त झाली असती तर उपदान आणि निवृत्तिवेतन किती, असा सगळा हिशेब त्यांनी मांडला होता. तो कित्येक महिने चालला असावा, कारण जुने दर त्यांनी कुठल्यातरी निवृत्त मुख्याध्यापकांकडून मिळवले होते. शेवटी बेरीज होती. तो आकडा मी इथे लिहीत नाही, तो त्या दोघांचा आहे. बेरजेच्या उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यात, लिहिले होते : ‘राजीनामा पतीच्या बदलीमुळे. पत्नीस विचारले नव्हते.’

आईने चष्मा लावला. मुलांच्या वह्या तपासाव्यात तशी ती चारही पाने वरपासून खालपर्यंत तपासत बसली. मला तर वाटले, पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. शेरा तिने वाचला, हे मी पाहिले, कारण तिथे तिचे बोट थांबले होते. मग ती म्हणाली, “निवड श्रेणी धरली नाहीत.”

“म्हणजे?”

“चोवीस वर्षं झाली की मिळते. वरिष्ठ श्रेणी बारा वर्षांनी, ती धरलीत. निवड श्रेणी राहिली.”

अण्णांनी पाने परत घेतली. बेरजेवरून एकच रेघ मारली, अशी की जुना आकडा वाचता यावा, आणि बाजूला सही केली. नवी बेरीज करायला त्यांना तीन दिवस लागले आणि तोपर्यंत मी पुण्याला परतले होते. पुढे दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या निवृत्तिवेतनातली काही रक्कम आईच्या पोस्टाच्या खात्यात जाऊ लागली. हप्त्याहप्त्याने त्या बेरजेपर्यंत पोचणे या जन्मात शक्य नव्हते, हे दोघांनाही गणिताने माहीत होते. आईने एकदाही त्या पैशाला नको म्हटले नाही, ही गोष्ट मला फार आवडते. त्या पैशांतून तिने आधी स्वतःसाठी एक चांगले घड्याळ घेतले.

अण्णांच्या म्हातारपणी पावसाळ्यातली त्यांची सकाळ ठरलेली असे. आठला मोजणी, मग वर्तमानपत्रात ‘कोयना, नवजा, महाबळेश्वर’ ही तीन नावे आणि त्यांच्यापुढचे आकडे, मग धरणातला साठा किती टीएमसी झाला ते. चहा त्यानंतर. कोयनेत शंभरच्या वर पाणी आले की ते आईला हाक मारून सांगत आणि आई आतूनच “बरं” म्हणे. वहीतले शेरेही या वर्षांत थोडे वाढलेले दिसतात. ‘नात झाली. वजन २.९.’ ‘बाटलीत बेडूक.’ ‘गुडघा. पत्नीने वाकून मोजले, मी वाचले.’ एका ठिकाणी नुसते ‘माणला पाऊस’ असे आहे आणि आकडा आमच्या अंगणातला आहे.

२०१८च्या जुलैमध्ये ते अकरा दिवस रुग्णालयात होते. त्यांना बोलताना धाप लागे, त्यामुळे सकाळी आई आत आली की ते फक्त भुवया उंचावत आणि ती आकडा सांगे. डबा भरून, आठला मोजून, मगच ती रिक्षाने निघत असे. त्या अकरा दिवसांच्या नोंदी तिच्या गोल, शाळकरी अक्षरात आहेत आणि त्यांतला एकही आकडा सलग दुसऱ्या दिवशी तोच आलेला नाही. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. दुपारी प्रीतिसंगमावर, जिथे कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात तिथे, त्यांना अग्नी दिला तेव्हा पाऊस लागून राहिला होता आणि कोयनेचे पाणी गढूळ होते. माझा भाऊ म्हणाला, दरवाजे उघडलेत वाटतं. कुणी उत्तर दिले नाही. एरवी हे ज्यांना विचारले असते त्यांनाच आम्ही पोचवायला आलो होतो.

दहाव्यानंतर मी वही पाहिली. अण्णा गेले त्या तारखेपुढे मिलिमीटरच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीच्या तारखेपुढे, सकाळी आठ ही वेळ, २३ हा आकडा, आणि शेऱ्याच्या रकान्यात आईच्या अक्षरात : ‘काल मोजले नाही. दोन दिवसांचे मिळून.’ शेजारी तिची सही.